टायरवरची ओळ

माझ्या थोरल्या भावाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, मला येत होतं. गेल्या महिन्यात वहिनी गेल्या. जे झालं ते ठाऊक असलेलं घरात आता माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो सातवीत होता. शाळा सोडून तो एका गॅरेजात लागला आणि मला मात्र त्याने शिकवलं. मी बी.ए., बी.एड. झाले, मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागले. लग्न केलं नाही. मंगळवार पेठेतल्या तीन खोल्यांत दादा, वहिनी, त्यांची एकुलती मुलगी आणि मी असे राहत होतो. गल्लीत कुणाकडे तार आली, कोर्टाचा इंग्रजी कागद आला, की दादा म्हणायचा, "थांबा जरा, आमची मास्तरीण हाय की. ती वाचंल." मला संकोच वाटायचा आणि आतून बरंही वाटायचं.

मी नोकरीत स्थिर झाल्यावर दादाने लष्कराच्या लिलावातून निघालेली एक जुनी जीप घेतली आणि ती चंदगड भागात चालवायला लागला. जिथे एसटी जात नाही किंवा पावसाळ्यात जायची थांबते, अशा वाड्यावस्त्यांवरून माणसं गोळा करून तालुक्याच्या गावी आणायची आणि बाजार आटोपला की परत सोडायची. आमच्याकडे याला वडाप म्हणतात. जीप गच्च भरल्याशिवाय वडाप हलत नाही. तिकडे त्याने एक खोली घेतली होती. पंधरा दिवसांतून एकदा आजरा-गारगोटीच्या रस्त्याने तो कोल्हापूरला यायचा, एक मुक्काम करायचा आणि परत जायचा.

त्या एका उन्हाळ्यात मात्र तो आठ दिवस घरी होता, कारण जीपचे मागचे दोन्ही टायर गोटा झाले होते. नक्षी पार झिजून टायर गुळगुळीत झाला की त्याला गोटा म्हणतात, हा शब्द मी त्याच्याकडूनच शिकले. आदल्या पावसाळ्यात एका ओढ्याच्या चढावर जीप रुतली होती. फोर व्हीलचा दांडा टाकला तरी चारही चाकं जागच्या जागी फिरत राहिली. आत तापाने फणफणलेली एक म्हातारी होती. तिला शेवटी चार माणसांनी घोंगड्यात घालून चालत नेलं. दादा ते विसरला नव्हता. "आवंदा तसं हुयाला नको," एवढंच म्हणायचा.

पण टायर निवडायचा म्हणजे काय, हे त्या आठ दिवसांत मला कळलं. चंदगडची तांबडी माती भिजली की साबणासारखी होते. तिच्यात चालायला खोल, जाड दातांचा टायर पाहिजे. पण वर्षातले आठ महिने डांबरी आणि खडीच्या रस्त्यावर काढायचे, तिथे असले दात भराभर झिजतात. रस्त्याचा टायर घेतला तर तो तीन वर्षं टिकेल, पण आषाढात एका जागी बसून राहील. जुन्या टायरवर नवं रबर चढवून मिळायचं, त्याला रिमोल्ड म्हणत. ते भरल्या गाडीत कधी पट्टीसारखं सुटून येईल याचा भरवसा नव्हता. आणि नवे टायर त्या वर्षांत दुकानांत मिळतच नसत. नाव लावून महिनोन्‌महिने थांबावं लागे. जेवताना दादा परातीतल्या पिठात बोटाने नक्षी काढून मला दाखवायचा. ही अशी तिरकी असली तर चिखल बाहेर टाकते, ही अशी सरळ असली तर चिखल धरून ठेवते. वहिनी म्हणायच्या, "पीठ हाय ते. भाकरीला बी दात पाडू नगासा आता."

शेवटी एका व्यापाऱ्याकडे दोन कोरे टायर असल्याची बातमी त्याला लागली. माप तेच, सहाशे सोळा. दात बोटाच्या दोन पेरांएवढे खोल. त्याने ते उचलून आमच्याच पेठेतल्या मिस्त्रीकडे नेले आणि शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून मला बरोबर घेतलं. "इंग्रजी लई लिवलंय त्याच्यावर," तो म्हणाला. "एकदा वाचून दे. मग बसवतो."

मिस्त्री मुसलमान, साठीचे, दादाच्या गॅरेजातल्या दिवसांपासूनचे स्नेही. दादा त्यांना चाचा म्हणायचा. दुकान म्हणजे पत्र्याची एक छपरी, ट्यूब बुडवून बघायची पाण्याची टाकी, हातोडा, टायर रिंगवरून उतरवायच्या लोखंडी टॉम्या आणि पांढऱ्या चॉक पावडरीने माखलेली जमीन. त्यांनी मला बसायला एका जुन्या टायरवर पोतं अंथरून दिलं.

"काय पायजे काय तुला नेमकं?" ते दादाला म्हणाले. "एकदा ठरीव की."

"रस्त्याला झिजाय नको आन्‌ चिखलात रुताय नको, आसं पायजे."

"म्हंजे बायकू गोरी बी पायजे आन्‌ उनात रान भांगलाय बी जायाला पायजे." मग माझ्याकडे लक्ष गेल्यावर त्यांनी जीभ चावली. "माफ करा हं बाई. ह्यो आला की तोंडात आसलंच येतंय."

दादा हसला. चाचांनी टायर आडवा पाडला, दातांच्या खाचेत अंगठ्याचं नख रोवलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"नरम हाय रं," ते म्हणाले.

"नरमच धरतंय की चिखलाला."

"धरंल की. न्हाय कोन म्हंतंय. पर ही नक्षी मी जीपला बघिटली न्हाय कवा. कशाचं हाय हे?"

"व्यापारी म्हनला, लिलावातलं हाय. माप बसतंय न्हवं? मग झालं."

दादाने ओल्या फडक्याने टायरची कड पुसली. काळ्या रबरावर उठावाची काळी अक्षरं. मी पदर खोचून उकिडवी बसले आणि बोटाने चाचपत वाचत गेले. माप बरोबर होतं. सहा थरांचा टायर होता, तेही बरोबर. मग कडेने वळत गेलेली एक बारीक ओळ होती. नॉट फॉर हायवे सर्व्हिस.

"काय म्हंतंय?" दादाने विचारलं.

"हायवेवर वापरण्यासाठी नाही, असं लिहिलंय."

कोल्हापुरात हायवे म्हटलं की एकच रस्ता. गावाबाहेरून पुण्याकडून बेंगलोरकडे जाणारा. आजऱ्याला जाणाऱ्या रस्त्याला कोणी हायवे म्हणत नव्हतं. दादा मोठ्याने हसला. "मग बरंच की! आमी कवा जातोय हायवेला? आमचं सगळं जानं-येनं आजऱ्यावरनं."

चाचा मात्र हसले नाहीत. "पर आसं का लिवलं आसंल, बाई?"

मला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, एवढं म्हणून थांबता आलं असतं. पण दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते आणि दादाच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं कौतुक होतं. मी म्हटलं, "हायवेवर ट्रक फार वेगाने जातात ना, त्या वेगासाठी नसतील हे. बाकी काही नाही."

"आस्सं," चाचा म्हणाले. "बाई म्हंत्यात म्हंजे आसंल." आणि त्यांनी टॉमी हातात घेतली.

तो पावसाळा दादाच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला पावसाळा होता. एसटी बंद पडली, इतर जीपगाड्या उभ्या राहिल्या, आणि दादाची जीप चढावर चिखल मागे फेकत वर जात राहिली. घरी आला की तो हे इतक्या वेळा सांगायचा की वहिनी आतून म्हणायच्या, "टायरचा हार करून घाला गळ्यात." एका खेड्यातल्या लोकांनी त्याला पोतंभर तांदूळ दिला होता. तो तांदूळ आम्ही दिवाळीपर्यंत खाल्ला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. नववीच्या धड्यात जुन्या काळच्या विलायतेतला, रस्त्यावर वाटसरूंना लुटणारा एक दरोडेखोर होता. त्याच्यासाठी जो इंग्रजी शब्द होता त्यात हायवे होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, म्हणजे पुणे-बेंगलोर रोडवरचा चोर का?" वर्ग हसला, मीही हसले. मग मनात आलं, त्या काळी असा रस्ता कुठे होता? मधल्या सुट्टीत मी शाळेचा मोठा शब्दकोश काढला. हायवे म्हणजे कोणताही सार्वजनिक रस्ता, सगळ्यांना येण्याजाण्यासाठी मोकळी असलेली वाट. मोठा रस्ता हा अर्थ नंतरचा.

मी शब्दकोश मिटला नाही. टायरवरच्या ओळीचा अर्थ आता सरळ होता. रस्त्यावर चालवण्यासाठी नाही. चाचांनी जीपला कधी न पाहिलेली ती नक्षी आणि ते नरम रबर आठवलं; ते टायर शेतातल्या कुठल्याशा यंत्राचे होते, मऊ मातीत सावकाश फिरायचे. चिखलात ते चालले, कारण चिखल हे त्यांचंच रान होतं. आता चिखल वाळला होता आणि दादा त्यांच्यावर माणसं भरून डांबरी रस्त्याने फिरत होता.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा सांगायचं मी पक्कं ठरवलं होतं. पण चाचा बसायला आले होते, आणि दादा त्यांना म्हणत होता, "बघिटलंसा न्हवं? मास्तरनीनं वाचून दिल्यालं टायर हायत. फेल जात्यात व्हय?" चाचांच्या समोर मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, उद्या निघताना सांगू. निघताना तो घाईत होता.

त्याच्या पुढच्या खेपेला मी सांगितलं, पण अर्धंच. "दादा, पावसाळा संपला. आता ते टायर काढून ठेव, साधे घाल."

"अगं, दात बघ की, अजून बोटभर हायत. काढून काय देवघरात ठिवू?"

"डांबरी रस्त्याला बरे नव्हेत ते."

"तुला गं काय कळतंय त्यातलं?" तो हसत म्हणाला. "तू वाचायचं, मी चालवायचं."

याला उत्तर होतं. मी चुकीचं वाचलं, असं म्हणायचं होतं. तीन शब्द. पण माझ्या आठवणीत त्याने मला कधी चुकताना पाहिलं नव्हतं, आणि ते पहिल्यांदा त्याला दाखवायला माझी जीभ वळली नाही. मी म्हटलं, "बघ बाबा तुझं तू." नवे टायर लगेच मिळणार नाहीतच, मग सांगून उपयोग काय, अशी मी मनाची समजूतही घातली होती. ती खरी नव्हती. जुने गोटा टायर चाचांच्या छपरीत पडून होते. जीप हळू चालवली असती तरी चाललं असतं.

होळीच्या आधी, भर दुपारी, आजऱ्याच्या अलीकडे उतारावर जीप उलटली. दादा एकटाच होता, घरी येत होता. जीप रस्त्याच्या खाली खडकावर पडली होती. तो जागीच गेला.

जीप ओढून कोल्हापूरला आणली तेव्हा चाचा ती बघून आले आणि आमच्या दारात उभे राहिले. आत येईनात. मी बाहेर गेले. "मागच्या डाव्या चाकाचं दात मुळासकट सुटल्यात," ते म्हणाले. "तापून. सगळी पट्टी निघून आलीया." मग म्हणाले, "बाई, त्याच्यावर काय लिवलं हुतं, परत एकदा सांगा मला."

मी म्हटलं, "हायवेवर वापरू नये, असं."

ते मान हलवून गेले. दादाला जाऊन चार दिवस झाले होते आणि मी पुन्हा तेच सांगितलं.

लोकांमध्ये मात्र वेगळंच पसरलं. चंदगडकडचा कुणी उतारू वडापात काजूच्या दारूची बाटली विसरला असावा, ती जीपमध्ये फुटली होती. पंचनाम्याला गेलेल्यांना सगळीकडे तिचाच वास आला. दादाला तंबाखूपलीकडे व्यसन नव्हतं, हे गल्लीला माहीत होतं. पण गल्लीबाहेर त्याला ओळखणारं कोण? पिऊन गाडी चालवत होता, असं ठरून गेलं. वहिनींनी ते ऐकलं. दादाची टोपी त्यांनी धुऊन, घडी करून ट्रंकेत ठेवली.

वर्ष सरल्यावर पुतणीला एक स्थळ आलं. माणसं चांगली, मुलगा इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात हिशेबनीस. पसंती झाली, आणि सुपारी फोडायच्या आधी निरोप आला की जरा थांबू या. का, ते मध्यस्थाने आडून सांगितलं. मुलीचा बाप दारूत गेला असं त्यांच्या कानावर आलं होतं.

त्या रविवारी सकाळी वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "वन्सं, तुमी जावा की त्यांच्याकडं. तुमी शिकलेल्या, तुमच्या शब्दाला मान हाय. सांगा त्यास्नी, आमचा मानूस पीत नव्हता."

"ते विचारतील, मग गाडी कशी उलटली?"

"इचारू देत. देव जाणे म्हणा."

देव जाणे, असं सांगायला मी जाऊ शकले नाही. मी त्यांच्या समोर बसले आणि सांगितलं. टायर कशाचे होते, ओळ काय होती, मी तिचा काय अर्थ केला आणि खरा काय होता. वहिनींचा हात सुपात तसाच राहिला. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे लिवून द्या मला. मराठीत. मी स्वतः घेऊन जाते."

मी कागद घेतला. हायवेला मराठी शब्द काय लिहावा यावर अडले. राजमार्ग लिहिला आणि खोडला. हमरस्ता लिहिला, तोही खोडला. शेवटी साधं लिहिलं. माझे बंधू दारू पीत नव्हते. जीपच्या मागच्या चाकांना बसवलेले टायर शेतीच्या यंत्राचे होते. हे टायर रस्त्यावर चालवण्यासाठी नाहीत, असं त्यांवर इंग्रजीत छापलेलं होतं. ते वाचायला मला नेलं होतं. मी अर्थ चुकीचा सांगितला. खाली सही केली, आणि शाळेत करते तशी सवयीने सहीखाली रेघ ओढली.

वहिनींना वाचायला वेळ लागायचा. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यांनी सगळं वाचलं. मग मान वर केली.

"खरा अर्थ तुमाला कवा कळला?"

हे मी लिहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं नसतं तर सांगितलंही नसतं.

"दिवाळीनंतर," मी म्हटलं.

"ते गेल्यावरच्या दिवाळीनंतर?"

"नाही. आधीच्या."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. मोजताना ओठ हलत होते. मग कागदाची घडी घातली, ती कमरेला खोचली आणि सूप उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच इचलकरंजीला जाऊन आल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वैशाखात लग्न झालं. आत्या म्हणून वहिनींनी मला मानाची साडी दिली, हळद लावायला पुढे बसवलं, रीतीत काही कमी पडू दिलं नाही. फक्त साडी हातात देताना म्हणाल्या, "घ्या, बाई." मला वाटलं, गडबडीत म्हणाल्या असतील. पण त्यानंतर बाईच राहिलं. वन्सं हा शब्द त्यांनी परत उच्चारला नाही.

पुतणी सासरी गेल्यावर त्या घरात आम्ही दोघीच राहिलो. भांडण कधी झालं नाही. माझा डबा त्यांनी एक दिवस चुकवला नाही. मी आजारी पडले तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसल्या. दाराशी आलेल्या माणसाला सांगायच्या, "बाई शाळेत गेल्यात." मला हाक मारायच्या, "बाई, च्या ठिवलाय." माझ्या विद्यार्थिनींच्या आया मला जशी हाक मारत, अगदी तशीच. कितीतरी वेळा मनात आलं की विचारावं. पण विचारायचं म्हणजे त्यांना उत्तर द्यायला लावायचं. इतकी वर्षं एका चुलीवरचं जेवून मला तेवढा अधिकार मिळाला नव्हता.

शेवटचे आठ दिवस त्या जवळजवळ बोलत नव्हत्या. एका सकाळी डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखल्यासारखं पाहिलं, आणि ओठ हलले. मी वाकले. या वेळी वन्सं अशी हाक येईल असं मला वाटलं, ते लपवत नाही.

"बाई," त्या म्हणाल्या, "आज शाळा न्हाय व्हय?"

"आज रविवार आहे, वहिनी."

त्यांनी मान हलवली आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि तिथेच बसून राहिले.